आईच्या नावाची मिस्सा

लग्नाआधी मी लातुरात कॅथलिक झालो, हे नांदेडच्या घरी कधी सांगितलं नाही. आमचं घर प्रोटेस्टंट. सून कॅथलिक आहे एवढं आईला ठाऊक होतं. मुलगा मात्र आपल्याच मंडळीत राहिला, असं ती धरून चालली होती. मीही तिला तसं चालू दिलं. नांदेडला गेलो की तिच्या देवळात तिच्याशेजारी बसायचो, गीतं म्हणायचो. एकदा जेवायला बसताना सवयीनं हात कपाळाकडे गेला, छातीवर आला आणि कॅथलिकांची ती क्रूसाची खूण अर्ध्यावरच थांबली.

"काय, डास हाय का?" आई म्हणाली.

"हाव."

तिनं पंखा वाढवला. तिला कळलं होतं का, मला आजही सांगता येत नाही.

मागच्या उन्हाळ्यात ती गेली. कबरीपाशी पाळक म्हणाले, आपली बहीण प्रभूजवळ पोचली आहे. सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणालो. रडू आलं नाही. घरी येऊन मंडपवाल्याच्या खुर्च्या एकात एक घालत राहिलो. थोरली बहीण, आमची अक्का, मदतीला आली तेव्हा तिला हळूच म्हणालो, "लातूरला आईच्या नावानं एक मिस्सा सांगावी म्हणतो. फादर तिच्या आत्म्यासाठी प्रार्थना करतील."

"आई येशूपाशी गेली म्हणून आत्ता आमेन म्हणलास ना? मग अर्ज कुणाकडं करून राहिलास? का तुझ्या सासरच्यांनी तिला मधीच उदगीरच्या स्टँडवर बसवून ठेवलंय?"

माझ्याकडे उत्तर होतं. देवाला भेटण्याआधी माणूस शुद्ध होतो, आणि त्या वाटेवर त्याला मागे राहिलेल्यांच्या प्रार्थनेचा आधार होतो, असं मी वीसेक वर्षं मानत आलो आहे. पण ते बोललो असतो तर मी कोण झालोय तेही बोलावं लागलं असतं.

"न्हाई सांगत," मी म्हणालो.

पुढच्याच रविवारी सांगितली. फादरांनी वेदीवरून आईचं नाव घेतलं. आता तरी आत काही हलेल असं वाटलं होतं. काही झालं नाही. समोरच्या बाईचा पदर खांद्यावरून घसरला, तेवढा दिसला. मेलेल्यांसाठी प्रार्थना आईच्या मंडळीत करत नाहीत. तिनं जे आयुष्यभर नाकारलं ते मी, तिला नाही म्हणता येणार नाही अशा वेळी, तिच्यासाठी करून घेतलं होतं.

परवा अक्काचा फोन आला. कबरीवर फरशी बसवायची आहे, त्यावर बायबलमधलं वचन कोणतं कोरायचं म्हणून विचारत होती. मी मधेच बोललो.

"अक्का, ती मिस्सा मी सांगितली. आणि मी कॅथलिक आहे. लग्नापासून."

पलीकडे नळाचं पाणी वाहत होतं. तिनं नळ बंद केला.

"आईला सांगितलं व्हतंस?"

"न्हाई."

"जित्ती व्हती तवर तिच्याशी बोलला न्हाईस. अन् मेल्यावर तिच्या वतीनं देवाशी बोलायलास."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नाव तरी बराबर घेतलं का तिचं?"

"हाव."

"बरं. वचन मी ठरवीन. तू आता त्यात पडू नको."

मी बरं म्हणालो.