सीझन संपल्यावर ऑपरेशन

सानगडीजवळच्या एका खेड्यात लग्नाची पहिली पंगत बसली होती. वरण-भात वाढून झाला होता, पुऱ्या फिरत होत्या, आणि त्या जेवणाचा कॅटरर, म्हणजे मी, मंडपामागे बाभळीला धरून ओकत होतो. नवरदेवाकडचे दोघं पाण्याच्या टाकीवर हात धुवायला आले. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं. हसायचा प्रयत्न केला, पण तोंड पुसायचं राहिलं होतं.

"जेवनात काई तरी हाये! आचारीच ओकून राहिला!"

हे वाक्य माझ्या आधी मंडपात पोचलं.

अन्नात काहीच नव्हतं. जे होतं ते माझ्या छातीत होतं. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला एक झडप असते. घास आला की ती उघडते आणि घास पोटात जातो. माझी उघडत नाही. डॉक्टर याला अकॅलेशिया म्हणतात. घास छातीत अडून बसतो. वरून पाणी प्यायचं, उभं राहायचं, अंग ताणायचं. मग कधी तो उतरतो, कधी आला तसा परत येतो. पोटापर्यंत पोचतच नाही, तर पोटाचा काय दोष!

नागपूरच्या डॉक्टर मॅडमकडे माझे उपचार चालू होते. आधी त्यांनी दोनदा तोंडातून नळी घालून, झडपेत फुगा फुगवून ती ताणून दिली. मग दुर्बिणीचं छोटं ऑपरेशन करून झडपेचे स्नायू कापले. काही वर्षं मजेत गेली. मग पुन्हा अडायला लागलं. शेवटच्या भेटीत त्यांनी फोटो दाखवला. अन्ननलिका धुवून धुवून सैल झालेल्या मोज्यासारखी फुगून वाकडी झाली होती.

"आता दुरुस्ती होण्यासारखी नाही," मॅडम म्हणाल्या. "ही काढावी लागेल. जठर वर ओढून मानेत जोडायचं. मोठं ऑपरेशन आहे."

"कधी करायचं?"

"घाईनं करण्यासारखं नाही, म्हणून आधी मीच टाळलं. पण आता झोपेत अन्न श्वासनलिकेत जातंय, त्याचा खोकला आहे. वजन उतरतंय. अंगात ताकद आहे तोवर करू. ताकद गेल्यावर आलात तर मी हात लावणार नाही."

"लग्नाचा सीझन झाला का येतो, मॅडम."

"हे तुम्ही मागच्या सीझनलाही म्हणाला होतात."

सीझन हे निमित्त होतं. खरं कारण लाज. माझ्या धंद्यात मीच एक पद्धत पाडली होती. पंगत बसायच्या आधी यजमानाला भट्टीजवळ बोलवायचं आणि त्याच्यासमोर प्रत्येक गंजातला एकेक घास खाऊन दाखवायचा. गंज म्हणजे आमच्याकडचं मोठं पातेलं. ही माझी जाहिरात होती. लोक म्हणायचे, हा आचारी आधी खाते, मग वऱ्हाडी. ऑर्डर देताना मेनू ठरला की विचारायचे, "तुमीच खाऊन दाखवान ना, मनोहरभाऊ?" आता ज्याच्या गळ्याखाली त्याचंच अन्न उतरत नाही, त्याला कोण ऑर्डर देईल? म्हणून मी खायचो, यजमानाशी दोन शब्द हसून बोलायचो, मग मोबाइल कानाला लावून मंडपामागे जायचो. पलीकडे कोणी नसायचं.

माझ्या टीमला वाटायचं, मी मागे जाऊन पितो. मी ते तसंच वाटू दिलं. दारुडा म्हणवून घेणं मला परवडत होतं, आजारी म्हणवून घेणं नाही. काय डोकं म्हणावं याला!

तर, मंडप. मी आत आलो तेव्हा निम्मी पंगत उठली होती. बाया पोरांच्या तोंडातून घास काढत होत्या. नवरदेवाचा मामा ओरडत होता, "बंद करा वाढनं! कोनाले काई झालं त जिम्मेदार कोन?" एका बाईला नुसत्या भीतीनंच मळमळायला लागलं. कोणी म्हणालं, डॉक्टरला फोन करा. कोणी म्हणालं, पोलिसाला करा.

मुलीचे वडील देवीदासजी तुमसरच्या राईस मिलमध्ये ऑपरेटर. शांत माणूस. ते माझ्याजवळ आले. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं वाटलं असतं.

"मनोहरभाऊ, का झालं जी? खरं सांगा."

"पित्त झालं जी. उनानं."

खोटं बोललो. तेवढ्या गर्दीत, तेवढ्या गोंधळात, पहिली गोष्ट सुचली ती ही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते पंगतीच्या रिकाम्या पट्टीवर बसले, कोणीतरी टाकून गेलेलं ताट पुढं ओढलं आणि खाऊ लागले. लग्न लागलं होतं, पण कन्यादान व्हायचं होतं. मुलीच्या आईबापाला तोवर उपास असतो. सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं. त्यांची बायको धावत आली, "अहो, का करता? कन्यादान बाकी हाये न!" ते थांबले नाहीत. वांग्याची भाजी, पुरी, भात, घासावर घास. मध्येच मामाकडे बघून म्हणाले, "पाहा जी. मी खाऊन राहिलो. मले काई होते का पाहा."

माझं अन्न चांगलं आहे हे सिद्ध करायला तो माणूस पोरीच्या कन्यादानाचा उपास मोडत होता, आणि मी पित्त पित्त करत उभा होतो. मला माझीच किळस आली. ओकताना कधी आली नव्हती इतकी.

"थांबा जी," मी म्हणालो. "अन्न चांगलं हाये. मीच बिमार हाये." आणि मग सगळं सांगितलं. झडप, फुगा, छोटं ऑपरेशन, मोठं ऑपरेशन, मोबाइलचं नाटक, सगळं. कोणी हसलं नाही. हसले असते तर सोपं गेलं असतं. मामा पुटपुटत बसला. काही बसले, काही बसलेच नाहीत. जिलेबीची अख्खी परात तशीच राहिली. माझ्या टीममधली, पुऱ्या लाटणारी शांताबाई भांडी घासता घासता मला म्हणाली, "आमाले वाटे, तुमी पेता." मग डोळ्याला पदर लावून परत घासायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना फोन केला. हातातल्या ऑर्डरी दुसऱ्या कॅटरर्सना दिल्या. ऑपरेशन झालं. मानेतला जोड थोडा गळला, त्यामुळे मुक्काम लांबला. "वजन आणखी असतं तर हे टळलं असतं," मॅडम म्हणाल्या. बोलल्या नाहीत ते मला समजलं. आता मी थोडं थोडं खातो, बसून, आणि जे खातो ते खाली जातं. उंच उशीवर झोपतो. आवाज घोगरा झाला तो झालाच. भट्टी आता शांताबाई सांभाळते. खाऊन दाखवायची पद्धत बंद केली. ऑर्डरी काही फारशा घटल्या नाहीत, हे कळलं तेव्हा तर आणखीच लाज वाटली.

काही महिन्यांनी देवीदासजी घरी आले. फाटकात त्यांना पाहून मला मागच्या दारानं निघून जावंसं वाटलं. सोबत पन्नाशीची एक बारीक बाई होती.

"हे माझी वयनी," ते म्हणाले. "त्या दिवशी तुमी मंडपात बोलले, ते इनं आयकलं. रातभर रडली. मंग आता आता सांगितलं. इचंई तसंच हाये."

"किती दिवसांपासून?"

"लय वर्सं झाले," त्या जमिनीकडे बघत म्हणाल्या.

"अन् घरात कोनालेच मालूम नाही?"

देवीदासजींनी मान खाली घातली. "ते सगळ्याईच्या मांगून जेवते जी. चुलीपाशी, एकटीच. कोन पाहाते?"

मला निदान मंडपामागे जावं लागत होतं. या बाईला लपायचीसुद्धा गरज पडली नव्हती.

"उद्या नागपूरले चला," मी म्हणालो. "तुमचं कदाचित अजून छोट्या ऑपरेशनावर भागेल."

"नातवाचं बारसं हाये," त्या म्हणाल्या. "तेवढं होऊ द्या. मंग जाईन."

आमच्या धंद्यात पाक एकदा पुढे गेला की त्याला मागे आणता येत नाही, वेळेवर उतरवावा लागतो. हे मी लोकांना शिकवत फिरलो आणि स्वतः तेवढं शिकलो नाही.

मी मॅडमना फोन लावला. घंटा वाजत होती.

"बारशानंतर चालन का, इचारा न भाऊ," वहिनी म्हणाल्या.

मी विचारलं नाही. उद्याचीच वेळ मागितली.