ओळखीची व्यक्ती

पायाला भिंगरी आणि तोंडाला कुलूप, असं तिचं वर्णन तिच्या दादाने तिच्याच लग्नात सगळ्या पाहुण्यांसमोर केलं होतं, आणि त्यात काडीचंही खोटं नव्हतं. एका जागी स्वस्थ बसणं तिला कधी जमलंच नाही. गप्पा मारतानासुद्धा ती उठून पडदा सरळ करणार, कुणाच्या तरी खांद्यावरचा केस उचलणार. अशा बाईला दिवसभर खुर्चीत बसून फोन करण्याची नोकरी लागावी, ही नशिबाची थट्टाच म्हणायची. कुलपाचा भाग मात्र त्या नोकरीत चपखल बसला.

मोठी हॉस्पिटलं आपल्या पेशंटना स्वतः फोन करत नाहीत. तेवढी माणसं आणायची कुठून? ते काम बाहेरच्या कंपनीला देतात, आणि ती अशाच एका कंपनीत होती. तपासणीची तारीख कळवा, रिपोर्ट आल्याचं सांगा, न आलेल्यांना पुन्हा बोलवा. आत जाताना स्वतःचा मोबाइल लॉकरमध्ये. टेबलावर कागद नाही, पेन नाही. कुणाला कसला आजार, कुणाची कसली गोळी, हे सगळं पडद्यावर दिसायचं आणि पडद्यावरच राहायचं. नवी मुलं कामाला लागली की त्यांना हे शिकवायला तिलाच उभं करत. "वाचलंत ना? आता विसरा," असं ती म्हणायची, आणि मुलं हसली की तिला राग यायचा.

हॉस्पिटलचं नावसुद्धा आधी सांगायचं नाही, हा नियम तर तिनेच सुचवलेला. एकदा एका मुलाने भोळेपणाने पेशंटचा फोन उचलणाऱ्या तिच्या सासूला अमुक हॉस्पिटलातून बोलतोय म्हणून सांगितलं होतं. त्या नावावरूनच सासूला जे कळायला नको ते कळलं आणि एका घरात रामायण घडलं. तेव्हापासून पद्धत ठरली: आधी पूर्ण नाव, मग जन्मतारीख, दोन्ही जुळलं तरच पुढचं बोलणं. कंपनीने ही सूचना उचलून धरली. तिला टाळ्या मिळाल्या. त्या दिवशी ती घरी आली तीच मुळी तरंगत.

आणि मग हा शुक्रवार उगवला.

दुपारच्या जेवणानंतर पडद्यावर पुढची नोंद आली. तिची नजर आधी पत्त्यावर गेली, कारण त्या पत्त्यावर ती लहानाची मोठी झाली होती. मग नाव. वहिनीचं. त्याखाली लिहिलं होतं: स्तनांच्या आजारांचा विभाग. रिपोर्ट आला आहे, डॉक्टरांना तातडीने भेटणे. त्याखाली: चार वेळा फोन केला, ग्राहकाने बोलण्यास नकार देऊन कापला.

तिने नोंद पुन्हा वाचली. हात मात्र सवयीने चालला. पडद्याच्या कोपऱ्यात एक बटण असतं, 'ओळखीची व्यक्ती' असं लिहिलेलं. नात्यातला, शेजारचा, कुणीही ओळखीचा निघाला की ते दाबायचं, नोंद दुसऱ्या कुणाकडे तरी जाते. तिने दाबलं. पडदा पुसला गेला. तिच्या डोक्यात मात्र ते सगळं जसंच्या तसं राहिलं, आणि डोक्यासाठी कंपनीने बटण काढलेलं नव्हतं.

त्यानंतर तिला धड बसवेना की उठवेना. पुढच्या पेशंटला तिने दोनदा तेच विचारलं. चार वेळा कापला? वहिनी असं का करेल? ती तर दारात आलेल्या सेल्समनलाही पाणी विचारणारी बाई. की तिला कळलंय आणि ती घाबरून तोंड चुकवतेय? आणि दादा? दादाला हे माहीत असतं तर तो परवा फोनवर गुडघेदुखीचं एवढं पुराण सांगत बसला नसता. पाचव्यांदा कापलं की नोंद बंद होते, हे तिला पाठ होतं. मग हॉस्पिटल टपालाने कळवतं, आणि त्या टपालाला किती आठवडे लागतात तेही पाठ होतं.

ती उठली आणि टीम लीडरच्या टेबलाशी गेली. वयाने तिच्या भाच्याएवढा मुलगा.

"मघाशी मी एक नोंद पुढे पाठवली. तो फोन झाला का?"

तो अवघडला. "मॅडम, ते मी तुम्हाला कसं सांगू? हे तुम्हीच आम्हाला शिकवलंय."

"बरोबर आहे. सांगू नकोस. पण ती व्यक्ती फोन कापतेय. हॉस्पिटलने स्वतःच्या नंबरवरून करावा, एवढं त्यांना कळवशील?"

"कळवतो की. पण आता शुक्रवार दुपार झाली. सोमवारी बघतील."

सोमवारी! तिला त्याच्या टेबलावर हात आपटावासा वाटला. पण तो नियमाने वागत होता, आणि नियमाने वागणाऱ्या माणसावर ओरडायचं कसं, हे तिला आयुष्यात कुणी शिकवलं नव्हतं. ती पाण्याच्या मशीनपाशी जाऊन आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, "अगं, आज पाण्याचा कार्यक्रम काढलायस की काय?" तिला हसूही फुटेना.

सुटल्यावर तिने नवऱ्याला उशीर होईल म्हणून कळवलं आणि सरळ माहेरचा रस्ता धरला. तिथे जाऊन काय करायचं, हे तिला ठाऊक नव्हतं. सांगायचं तर नव्हतंच. वहिनीने ज्यांच्यावर विश्वास ठेवून आपलं दुखणं सांगितलं त्यांत नणंद नव्हती. उद्या तिनेच जाऊन सांगितलं तर त्या नव्या मुलांना ती कुठल्या तोंडाने शिकवणार? आणि न सांगून वहिनीला काही झालं तर ते तोंड दादाला कसं दाखवणार? वळणावर ती एकदा थांबली, परत फिरली, आणि पुन्हा वळली.

दार दादाने उघडलं. "अरे वा, न कळवता? काय, आमच्या घराचं कुलूप तपासायला आलीस?"

"सहज आले," ती म्हणाली. सहज यायचा तिचा स्वभाव नव्हता, पण दादाचं अर्धं लक्ष टीव्हीकडे होतं.

वहिनी स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती. ती वहिनीच्या पलीकडच्या स्टुलावर बसली आणि मूठभर शेंगा पुढे ओढल्या. एरवी आल्या आल्या ती वहिनीला "कशी आहेस?" म्हणून विचारायची. आज तो साधा प्रश्नही तिला चोरून विचारल्यासारखा वाटला. ती भाज्यांच्या भावावर बोलली, बसच्या गर्दीवर बोलली. वहिनी थोडी वाळल्यासारखी दिसत होती. की आपल्याला आता तसं दिसायला लागलंय?

तेवढ्यात ओट्यावरचा वहिनीचा फोन वाजला.

तिने नंबर पाहिला आणि तिच्या हातातली शेंग खाली पडली. तिच्याच ऑफिसचा नंबर होता. संध्याकाळच्या पाळीतलं कुणीतरी तिकडे कानाला हेडफोन लावून वाट पाहत होतं.

"घे ना," ती पटकन म्हणाली.

"छे! हे फसवणारे आहेत." वहिनीने बोटाने टिचकी मारावी तसा फोन कापला आणि विजयी मुद्रेने तिच्याकडे पाहिलं. "पाचवी वेळ. कुठून बोलताय विचारलं तर सांगत नाहीत, म्हणतात आधी जन्मतारीख सांगा. तूच आम्हाला बजावलं होतंस ना, कुणीही जन्मतारीख विचारली की एक शब्द न बोलता फोन ठेवायचा? बघ, कशी तयार झालेय मी."

इकडून फोन करणाऱ्यांना तिनेच शिकवलं होतं, आणि तिकडून उचलणारीलाही तिनेच. दोन्ही बाजू तिचं अगदी मनापासून ऐकत होत्या. तिला रडू यायला लागलं, म्हणून तिने मान खाली घालून भराभर शेंगा सोलल्या.

मग तिला एक प्रश्न सुचला. असे फोन यायला लागले की ती कुणालाही विचारायची तोच.

"वहिनी, अलीकडे तू तुझा नंबर कुठे दिला होतास का?"

वहिनीचा हात थांबला. तिने बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. टीव्हीवर बातम्या मोठ्याने चालल्या होत्या. मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "एका ठिकाणी. ह्यांना बोलू नकोस. हाताला गाठ लागली होती, इथे, छातीत. म्हटलं उगाच घर डोक्यावर घेतील, म्हणून एकटीच दाखवून आले. तपासायला तुकडा घेतला. ते म्हणाले, काही असलं तर फोन करू." ती हसली. "फोन काही आला नाही. म्हणजे सगळं ठीक, नाही का?"

ती मान उचलून वहिनीकडे पाहत राहिली, बस.

"फोन आला नाही," वहिनी पुन्हा म्हणाली, पण या वेळी सावकाश, आणि म्हणता म्हणता तिची नजर ओट्यावरच्या फोनवर गेली. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातलं कुणीतरी निघून गेलं.

वहिनीने हातातली शेंग खाली ठेवली.

"तुला ठाऊक होतं?" वहिनीने विचारलं.

"ऑफिसातलं मी घरी बोलत नाही, वहिनी."

"हं." वहिनीने पदराला हात पुसले. "पण आलीस."

पर्समधून वहिनीने हॉस्पिटलचं कार्ड काढलं आणि त्यावरचा नंबर लावला. पलीकडून आवाज आला तशी नणंद सवयीने उठून बाहेर जायला निघाली. दुसऱ्याचं बोलणं कान देऊन ऐकायचं नसतं. वहिनीने तिचं मनगट घट्ट पकडलं. मग वहिनीने पूर्ण नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, आणि कितीतरी वेळ फक्त "हो", "हो", "बरं" एवढंच म्हणत राहिली. मनगट तिने शेवटपर्यंत सोडलं नाही.

"उद्या सकाळीच या म्हणतात," फोन ठेवून वहिनी म्हणाली. "घरचं कुणीतरी बरोबर आणा म्हणाले."

"मी येते ना."

"तू येच. पण ह्यांना..." वहिनीचा आवाज तिथे फुटला. तिने ओठ दाबून धरले, मग म्हणाली, "ह्यांना तू सांग. माझ्याच्याने नाही होणार. तुला मी सांगतेय ना, आता तू सांग."

बाहेरून दादा ओरडला, "काय गं, दोघी मिळून कुणाच्या चहाड्या करताय? चहा मिळणार आहे की नाही?"

आयुष्यभर तिने लोकांचं पोटात ठेवलं होतं. कसं ठेवायचं ते तिला पक्कं माहीत होतं, सांगायचं कसं ते मात्र नव्हतं. ती बाहेरच्या खोलीत गेली आणि दादाच्या समोरच्या खुर्चीवर बसली. पडदा नीट केला नाही, उशी उचलली नाही. हात मांडीवर ठेवून नुसती बसली, आणि तिला तशी बसलेली पाहूनच दादाचा चेहरा उतरला.

"दादा," ती म्हणाली, "टीव्ही बंद कर."