राजवाडा आणि मुलुंडचा फ्लॅट

आमच्या ऑफिसात काम संपलं की नकाशे कपाटात जातात, किस्से मात्र आमच्याकडेच राहतात. घाटकोपरला दोन खोल्यांचं ऑफिस. जुन्या वास्तू दुरुस्त करणाऱ्या आमच्या मॅडम, त्यांची असिस्टंट मी, आणि चुन्याचं काम करणारे परबकाका. एका जुन्या संस्थानाच्या राजवाड्याचं काम आम्ही तीन वर्षं केलं. बाकीच्या कामांचे किस्से सांगताना हसू येतं. याचे सांगताना मी मध्येच थांबते.

*

राजवाडा लांब घाटावर आणि मालक मुलुंडला, चौथ्या मजल्यावरच्या टू बीएचकेमध्ये. पहिल्या मीटिंगला राजेसाहेब स्वतःच चहाचा ट्रे घेऊन आले. मॅडमनी टेबलावर फोटो मांडले.

"दरबार हॉलचं छत गळतंय. सागवानी तुळया आतून कुजल्यात. लवकर सही द्या, नाहीतर वाट लागेल."

राजेसाहेबांनी एकेक फोटो नीट बघितला. मग म्हणाले, "आमचं बाथरूमही गळतंय. वरचे ऐकत नाहीत. तुमच्या ओळखीत कुणी प्लंबर आहे का?"

मॅडमनी प्लंबर दिला. बाथरूम आठवड्यात झालं. छतासाठी सही यायला पावसाळा उलटला, तोवर अर्धं छत खाली आलं होतं.

*

परबकाका मूळचे मालवणकडचे, राहायला भांडुपला. राजवाड्यातल्या भिंतींवर मधल्या काळात कुणीतरी सिमेंट थापलं होतं, त्यामुळे ओल आतच कोंडली होती. काका चार दिवस ते सिमेंट खरवडत होते. खाली जुना चुन्याचा गिलावा निघाला, संगमरवरासारखा गुळगुळीत. आणि त्यात एक पंजा उमटलेला.

काकांनी त्यावर आपला हात ठेवून बघितला. "बाईचो हात हा," ते म्हणाले. "गिलावो घोटून गुळगुळीत करूक बायकाच असायच्यो."

मॅडम म्हणाल्या, हा ठेवायचा. पण राजेसाहेब पाहणीला आले आणि त्यांना ते पटेना. "राजवाड्याच्या भिंतीवर मजुरणीचा पंजा? गुळगुळीत करा ना तेवढं."

काकांनी केलं. हातभर जागेला अख्खी दुपार लावली. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

*

काकांचा खोकला आम्ही सगळेच ऐकत होतो. मास्क दिला तर म्हणायचे, "चुन्याचो वास घेतल्याशिवाय तो तयार झालो ता कसा कळतला?" शेवटी मी त्यांना घाटकोपरच्या एका डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे बघितला, बराच वेळ बघितला, आणि विचारलं, "काम काय करता?"

"राजवाडे दुरुस्त करतंय."

"आता थांबा."

"एक छत रवलाहा."

ते छत त्यांच्या हातून झालं नाही. काका गेले तेव्हा राजेसाहेब भांडुपच्या टेकडीवरच्या गल्ल्या चढून, धापा टाकत आले. आत जागा नव्हती म्हणून बाहेर उभे राहिले. आधाराला भिंतीवर हात टेकला, तर ती आत गेली. पत्रा होता.

"यांच्या घराला भिंतच नाही," ते हळूच म्हणाले. "आम्हाला कुणी सांगितलं नाही."

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही विचारलं नाहीत."

*

काम संपल्यावर मी रिपोर्ट घेऊन मुलुंडला गेले. राजेसाहेबांच्या आई, आईसाहेब, नव्वदीच्या पुढच्या. त्यांना दिसायचं कमी, म्हणून मला वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचत होते: "जनानखान्याची दगडी जाळी हा कोरीवकामाचा देखणा नमुना आहे. तिच्यामागे बसून राजघराण्यातल्या स्त्रिया दरबार पाहत."

त्यांनी थांबवलं. "फोटो कुठून काढलास?"

"खालून, दरबारातून."

"आतून काढ."

आठ तास एसटीने परत राजवाड्यावर गेले. जाळीमागे जमिनीवर बसले, तेव्हा भोकं डोळ्यांसमोर आली. कोपऱ्यातलं एक भोक बाकीच्यांपेक्षा मोठं होतं, कडा घासून गुळगुळीत झालेल्या. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, किरकोळ झीज.

आईसाहेबांनी नवा फोटो अगदी नाकाशी धरला. मी वाचलेलं ऐकून त्यांनी मान हलवली.

"झीज नाही गं ती. थोरल्या जाऊबाई केसातला आकडा घेऊन कोरत बसायच्या."

मग त्यांचं बोट शेजारच्या भोकावर गेलं. ते एकाच बाजूने जरासं रुंदावलेलं होतं.

"हे माझं. मी उशिरा सुरू केलं."