पांढऱ्या साडीवर निळी दोरी

कुमुदिनी आठल्येंचं मण्यांचं वेड त्यांच्या यजमानांच्या चष्म्यापासून सुरू झालं. अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर श्रीपादरावांनी पहिल्या दोन महिन्यांत चष्मा नऊ वेळा हरवला. नवव्यांदा तो फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या डब्यावर सापडला, तेव्हा कुमुदिनीबाई उठल्या. लेकीच्या, हिमानीच्या, जुन्या हस्तकलेच्या पिशवीतून त्यांनी मेण लावलेला दोरा काढला, त्यात चार लाकडी मणी ओवले, मध्ये गाठी मारल्या आणि चष्मा नवऱ्याच्या गळ्यात अडकवला.

"आता हरवायचाच असेल तर स्वतःसकट हरवा," त्या म्हणाल्या.

श्रीपादराव हरवले नाहीत. उलट सकाळी फिरायला येणाऱ्या मित्रमंडळींत त्यांची दोरी गाजली. आठवड्याभरात कुळगावातल्या सात निवृत्त गळ्यांत सात दोऱ्या लोंबायला लागल्या. मग त्या गळ्यांच्या बायकांनी विचारलं, "चष्म्याचे एवढे लाड, मग आम्ही काय पाप केलंय?" आणि कुमुदिनीबाई माळा करायला लागल्या.

याला सहा वर्षं झाली. दिवाणखान्यातला शोकेस आता मण्यांचा आहे. श्रीपादरावांचे क्रिकेटचे कप बिचारे माळ्यावर गेले. बाजारात मिळणारे चकचकीत, एका साच्यातले मणी त्या घेत नाहीत. "ते कवायतीला उभे राहिल्यासारखे दिसतात," असं त्यांचं म्हणणं. त्यांचे मणी येतात बदलापूर गावातून, बबनकडून. बबन एरवी पणत्या आणि माठ करतो. हातातली माती उरली की तिच्या गोळ्या वळतो, सायकलच्या तारेने भोकं पाडतो आणि पणत्यांबरोबर भट्टीत लावतो. आचेच्या तोंडाशी बसलेला मणी विटकरी लाल होतो, भुशाच्या धुरात बसलेला काळा. अधलेमधले असतात ते अर्धे लाल, अर्धे काळे, आणि बाईंचा जीव नेमका त्यांच्यावर.

"वैनी, ते खराब हायत, बाजूला काढतो," बबन पहिल्यांदा म्हणाला होता.

"तेच आधी द्या," बाई म्हणाल्या. तेव्हापासून तो 'खराब' मणी वेगळ्या डब्यात राखून ठेवतो आणि मनात बहुधा हसतो.

मणी ओवण्याआधी त्या सगळे जुन्या चादरीवर पसरतात आणि दोन दिवस नुसतं बघतात. येताजाता एखादा इकडचा तिकडे. श्रीपादरावांनी एकदा मदत म्हणून आकारमानाप्रमाणे ओळी लावून ठेवल्या होत्या, त्या दिवशी त्यांना चहा उशिरा मिळाला.

पण बाईंची खरी ख्याती होती ती त्यांच्या परीक्षेची. कुठलीही माळ गिऱ्हाइकाला देण्याआधी त्या स्वतः एक पूर्ण दिवस गळ्यात घालत. फोडणीची वाफ, धुणं वाळत घालताना वर केलेले हात, दुपारची डुलकी आणि संध्याकाळी भाजीच्या दोन पिशव्या घेऊन तीन जिने. एवढ्यातून गाठ सरकली नाही, मणी टोचला नाही, दोरा मानेला खाजला नाही, तर माळ पास. श्रीपादराव याला 'क्वालिटी कंट्रोल' म्हणत. हिमानी पुण्याहून माळांच्या विक्रीसाठी व्हॉट्सअ‍ॅपचा जो गट चालवते, त्यावर तिने आईच्या या रिवाजाचीच जाहिरात केली होती.

ती जाहिरात वाचूनच प्रीती आली. अंबरनाथची, दवाखान्यात औषधं देणारी, हसरी आणि स्पष्ट बोलणारी. मे महिन्यातल्या रविवारी तिचं लग्न होतं.

"काकू, आमच्यात नवरीची साडी पांढरी असते. बुद्धवंदना, मग लग्न. सोन्याचं मला नको जास्त. तुमचे ते अर्धे जळके मणी हवेत आणि दोरा निळा. हा असा." तिने साडीच्या काठाचा तुकडा पुढे केला. गडद, शाईसारखा निळा.

"लाल-काळ्या मण्यांत मरून दोरा जास्त खुलेल," कुमुदिनीबाईंनी सुचवून पाहिलं.

"निळाच," प्रीती म्हणाली आणि हसली. त्या हसण्यात वाद घालायला जागा नव्हती.

बाईंचा नेहमीचा दोरा उल्हासनगरच्या एका ठरलेल्या दुकानातून येई. तिथे हा निळा नव्हता. चार दुकानं सोडून एका शेठजींकडे मात्र हुबेहूब रीळ मिळालं. "मॅडम, पक्का रंग. दस साल कुछ नहीं होगा," शेठजी म्हणाले. बाईंनी तुकडा लावून पाहिला, जुळला, आणि त्या खूश होऊन घरी आल्या.

सहा दिवस त्या एकेचाळीस मण्यांशी बोलत होत्या. प्रत्येक मण्यानंतर एक गाठ, म्हणजे मणी एकमेकांवर आपटत नाहीत आणि मधून निळा डोकावतो. शेवटची टोकं त्या नेहमीप्रमाणे पेटत्या उदबत्तीने बंद करायला गेल्या. एरवी दोरा वितळून टोकाला इवलासा थेंब बसतो. हा नुसता काळा पडला आणि कागदासारखा जळला. म्हणजे हा सुती होता, नेहमीचा पॉलिएस्टरचा नव्हे. बाईंना ते जाणवलं, पण माळ इतकी देखणी झाली होती की त्यांनी टोकाला फेव्हिकॉलचा ठिपका लावला आणि विषय संपवला. देखण्या पोराचे गुण कोण तपासतं!

राहिली परीक्षा. मंगळवारी सकाळी अंघोळ करून त्या आरशासमोर उभ्या राहिल्या, माळ गळ्यापर्यंत नेली आणि थबकल्या. नवरीचा नवा दागिना तिच्याआधी दुसऱ्याने अंगाला लावू नये. त्यांच्या स्वतःच्या लग्नात, मावशीने मोहनमाळ नुसती घालून पाहिली म्हणून घरात केवढी कुजबुज झाली होती! दुसऱ्याच्या लेकीचं शुभकार्य, उगाच कशाला? त्यांनी माळ मऊ कागदात गुंडाळली. बुधवारी प्रीती येऊन घेऊन गेली, जाताना वाकून नमस्कार करून गेली.

उरलेल्या दोऱ्यातून बाईंनी त्याच दुपारी श्रीपादरावांना नवी चष्म्याची दोरी करून दिली.

गुरुवारी सकाळी श्रीपादराव फिरून आले. मेचं ऊन साडेसातलाच तापलं होतं. अंगावर पांढरा झब्बा, निथळणारा घाम. पंख्याखाली पाठमोरे बसले, आणि चहा घेऊन आलेल्या कुमुदिनीबाईंनी कप तसाच खाली ठेवला. झब्ब्याच्या कॉलरवर इकडून तिकडे निळी रेघ होती. मानेवरही.

"काय झालं?" श्रीपादरावांनी मान चोळली, बोटं पाहिली आणि खूश होऊन म्हणाले, "अगं, मी नीळकंठ झालो की!"

बाईंना हसू आलं नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर रविवारचा हॉल होता, मेचा उकाडा, आणि पांढऱ्या साडीच्या पदरावर एकेचाळीस गाठींचा निळा ओघळ.

शेजारच्या संजीवनीने धीर दिला. "सांग तिला, पावडर लावून घाल म्हणावं. आणि साडीला पिना असतात, पदर थोडा खाली घेतला की झालं. सांगितलं नाहीस तरी कुणाला कळतंय तुझा दोरा होता की साडीचा काठ?"

"मला कळतंय ना," बाई म्हणाल्या. "अहो, स्कूटर काढा."

प्रीतीच्या घरी मांडवाचे बांबू येऊन पडले होते. दार उघडलं ते तिच्या आईने, भागीरथीबाईंनी. सगळी हयात कारखान्याच्या पॅकिंग खात्यात काढलेली बाई. समोरच्याच्या तोंडाकडे पाहून खोक्यात काय आहे ते ओळखणारी.

"या ताई. पत्रिका मिळाली ना? तोंड का उतरलंय?"

कुमुदिनीबाईंनी पिशवीतून झब्बा काढला आणि कॉलर दाखवली. मग सगळं सांगितलं, टोक कागदासारखं जळालं होतं तेही.

भागीरथीबाईंनी झब्बा उलटसुलट केला. "पण तुम्ही तर म्हणे प्रत्येक माळ दिवसभर घालून बघता. प्रीतीने सगळ्या नातेवाइकांना सांगितलंय, काकू स्वतः घालून बघतात म्हणून."

"बघते. हीच नाही बघितली."

"हीच का?"

"नवरीचा दागिना. म्हटलं, आधी आपण कसा घालायचा? तुम्हाला आवडणार नाही."

भागीरथीबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "अहो ताई! माझ्या लग्नात मी मामीच्या बांगड्या, चुलतीचे झुमके आणि शेजारणीचं घड्याळ घातलं होतं. आमच्यात असलं काही पाळत नाहीत." हसता हसता त्या थांबल्या. "आणि पाळत असतो, तरी विचारायचं होतं ना. तोंड आहे की आम्हाला."

हे मात्र बाईंना लागलं. विचारायचं होतं. एक फोन, अर्ध्या मिनिटाचा. त्यांनी प्रीतीच्या घरच्यांचं मन स्वतःच ठरवून टाकलं होतं, तेही आपल्या मावशीच्या मोहनमाळेवरून.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

"बरं, चुकलं. आता रविवारचं बोला."

प्रीतीला दवाखान्यात फोन लागला. कुमुदिनीबाई म्हणाल्या, "बाळ, पांढऱ्या दोऱ्यात ओवून देते. रंगाची भानगडच नको."

"काकू, निळा."

"अगं, दोन दिवस राहिले."

"तुम्हाला जमेल," प्रीती म्हणाली, आणि मागे कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं म्हणून फोन ठेवला. भागीरथीबाईंनी आतून माळ आणून बाईंच्या पिशवीत ठेवली.

शुक्रवारी सकाळी दुकानं उघडायच्या वेळेला आठल्ये दांपत्य उल्हासनगरात हजर होतं. बाईंनी झब्बा शेठजींच्या काउंटरवर पसरला.

"शेठ, हा तुमचा दस साल."

शेठजींनी कॉलर पाहिली, मग श्रीपादरावांकडे पाहिलं. "मॅडम, दोरे में कुछ नहीं है. साहब का पसीना बहुत तेज है."

"पस्तीस वर्षं हाच घाम धुतेय मी," बाई म्हणाल्या. "आजवर बनियनसुद्धा पिवळं झालं नाही. पॉलिएस्टरचा दाखवा, हाच निळा."

शेठजींनी कुरकुरत सहा रिळं काढली. बाईंनी त्यांच्याच थर्मासमधलं गरम पाणी मागितलं, पांढरा रुमाल भिजवला आणि एकेक दोरा त्यावर घासायला सुरुवात केली. पहिला उतरला. दुसरा उतरला. तिसरा उतरला नाही, पण तो शाळेच्या युनिफॉर्मचा निळा होता. तोवर दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनीही आपापले दोरे पुढे केले, "आंटी, हमारा भी देख लो." शेठजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. शेवटी त्यांनी स्टुलावर चढून वरच्या फळीवरचं एक धुळकट रीळ काढलं. "ये लो. एक ही है. और आप जाओ, माई."

गडद, शाईसारखा निळा. रुमाल पांढराच राहिला. बाईंनी एक तुकडा आपल्या मनगटाला बांधला, वर ओला रुमाल गुंडाळला आणि तशाच घरी आल्या. दुपारी रुमाल सोडला तर मनगट स्वच्छ. टोकाला उदबत्ती लावली, तर तिथे शहाण्यासारखा थेंब बसला.

मग जुन्या माळेच्या सगळ्या गाठी कापून त्यांनी एकेचाळीस मणी मोकळे केले आणि नव्या दोऱ्यात ओवले. श्रीपादराव समोर बसून मोजत होते आणि सतराव्याला चुकले, तेव्हा त्यांना आंबे आणायला पाठवलं.

शनिवारी दहाच्या सुमाराला बाई माळ घेऊन अंबरनाथला पोहोचल्या. मांडव उभा होता. आत मोठ्या परातीत कांदे चिरले जात होते.

"भागीरथीताई, आता विचारते," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "आजचा दिवस ही मी घालून बसू का इथे?"

"तुम्ही कशाला? पाहुण्या तुम्ही. द्या इकडे." भागीरथीबाईंनी आत जाऊन जुनं पांढरं पोलकं घातलं, माळ गळ्यात अडकवली आणि सरळ शेगडीपाशी बसल्या. साठ माणसांचा रस्सा ढवळला, मांडववाल्याशी भांडल्या, दोन नातवंडांना कडेवर घेतलं, हळदीला नाचल्या. कुमुदिनीबाई कांदे चिरत बसल्या आणि दर अर्ध्या तासाने उठून त्यांच्या मागे जाऊन मान तपासत राहिल्या. येणाऱ्या बायकांना वाटलं, नवरीच्या आईला दृष्ट लागू नये म्हणून कुणी मावशी नेमलीय. एक मणी कॉलरबोनला टोचतो म्हणून भागीरथीबाईंनी तक्रार केली. बाईंनी तिथल्या तिथे गाठ उसवून तो फिरवून घेतला. संध्याकाळी पोलक्यावर रश्श्याचे तीन डाग होते, हळद होती. निळा कुठेच नव्हता.

"पास?" भागीरथीबाईंनी विचारलं.

"पास."

रविवारी हॉलमधल्या पंख्यांना वारा देण्याची फारशी इच्छा नव्हती. प्रीती पांढऱ्या साडीत आली, गळ्यात अर्धे लाल, अर्धे काळे मणी आणि मध्ये मध्ये तो निळा. वंदना झाली, फुलं पडली, सगळे नवरीच्या चेहऱ्याकडे बघत होते. कुमुदिनीबाई तिच्या पदराच्या काठाकडे बघत होत्या. जेवणाच्या पंक्ती उठेपर्यंत बघत होत्या. निरोप घ्यायला स्टेजवर गेल्या तेव्हा प्रीतीने स्वतःच मान वळवून, माळ बोटाने उचलून दाखवली. घाम होता भरपूर. साडी पांढरीशुभ्र.

"काकू, आता तरी जेवा," ती म्हणाली.

श्रीपादरावांचं मात्र दोनदा जेवून झालं होतं. ती रंग उतरणारी निळी दोरी फेकून द्यायला त्यांनी साफ नकार दिला होता, चष्मा तिलाच लटकत होता. त्यावर त्यांनी आपला उपाय काढला होता. लग्नाला ते गडद निळा शर्ट घालून आले होते.