भांडं आत

तिसऱ्या किलोमीटरच्या दगडावर आत्या टेकल्या आणि चप्पल काढून तळवा चोळू लागल्या. त्यांची तपकिरी कुत्री, बॉबिन, तेवढ्यात दगडाला प्रदक्षिणा घालून पट्टा त्यांच्या पायात अडकवून मोकळी झाली.

"अजून किती?" शेजारणीने विचारलं.

"चार. तुला म्हटलं होतं, मी एकटी जाते. सत्तरीची मी, पन्नाशीची तू, आणि धाप लागतेय तुला."

"मला धाप तुमच्या बोलण्याची लागते, आत्या. दोन किलोमीटरपासून तोंड मिटलं नाही तुमचं."

"मिटलं तर पाय दुखतात," आत्या म्हणाल्या आणि उठल्या.

बसने त्यांना सकाळी फाट्यावर सोडलं होतं. तिथून तळ्यापर्यंत चालतच जायचं. तळ्याकाठी एक मैदान होतं. सुट्टीत लोक आपापल्या घरगाड्या, म्हणजे आत झोपायची, रांधायची सोय असलेल्या गाड्या घेऊन तिथे मुक्कामाला येत. आत्या तिथे निघाल्या होत्या ठिगळसाठी. ठिगळ हा त्यांचा म्हातारा कुत्रा. पांढऱ्या अंगावर एका डोळ्याभोवती काळा तुकडा जोडल्यासारखा, म्हणून ठिगळ. आठ महिन्यांपूर्वी तो हरवला होता.

आत्या तशा सख्ख्या आत्या एकाच मुलीच्या, धाकट्या भावाच्या लेकीच्या. पण ती लहानपणी दुकानाच्या दारातून "आत्याऽऽ" म्हणून हाक मारायची, ती गल्लीने उचलली. बेचाळीस वर्षं त्या गाड्यांच्या सीटा शिवत होत्या. पुढच्या खोलीत जड मशीन, रेक्झिनचे गुंडाळे, फोमचे ढीग, डिंकासारख्या चिकट द्रावणाचा डबा. मागच्या खोलीत बिछाना, शेगडी आणि देवाची तसबीर. त्यांच्या बोटांना कायम त्या द्रावणाचा वास यायचा. साबण लावून जायचा नाही, लिंबू चोळून जायचा नाही.

आई गेली तेव्हा आत्या एकोणीस वर्षांच्या होत्या आणि भाऊ सात. स्थळं आली, नाही असं नाही. पण "माझ्यासोबत भाऊ येईल" हे ऐकलं की पाहुण्यांना अचानक उशीर व्हायचा. मग आत्यांनी तो विषयच गुंडाळून माळ्यावर टाकला. भावाला त्या 'बाळ' म्हणत. बाळ आता अठ्ठावन्न वर्षांचा होता, टक्कल पडलेला, तरी बाळच.

वीस वर्षांपूर्वी बाळने एक जुनी मालवाहू गाडी आणली आणि म्हणाला, "ताई, आतून तू घर कर." आत्यांनी तीन महिने खपून घर केलं. बाक उघडला की पलंग होई, पलंगाखाली कुत्र्यांसाठी मऊ अस्तराचा खण, त्याला जाड पडदा. तेव्हापासून दरवर्षी बारा दिवस ते सगळे निघत. बाळ, त्याची बायको, आत्या, आणि त्या त्या वेळी जी कुत्री असतील ती.

पहिल्याच वर्षी एका मुक्कामावर एक कुत्री खालीच राहिली होती. अर्ध्या तासाने लक्षात आलं, परत गेले, तर ती रस्त्याच्या मधोमध बसलेली. त्या दिवशी आत्यांनी नियम घातला. कुत्र्यांचं पाण्याचं भांडं सगळ्यात शेवटी उचलायचं. सगळी कुत्री खणात शिरली, पडदा पडला, की मगच पाणी ओतायचं, भांडं दाराजवळच्या खिळ्याला टांगायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "भांडं आत!" ते ऐकल्याशिवाय गाडी हलवायची नाही. पुढे पुढे आत्यांची मान आखडली, पुढच्या सीटवरून वळून बघणं जमेना. पण बघायची गरजच काय? भांडं आत म्हणजे कुत्री आत. वीस वर्षांत हे एकदाही चुकलं नव्हतं.

गेल्या वेळी निघण्याआधी मात्र बाळ म्हणाला होता, "ताई, ठिगळला या वेळी ठेवूया का कुणाकडे? चौदा वर्षांचा झाला. ऐकू येत नाही, गादी ओली करतो. हिला वास सहन होत नाही."

"गादी मी शिवलेली, धुणारीही मीच. तो नाही तर मी नाही."

"बरं बाई," बाळ हसला. "तुझ्यापुढे कुणाचं चाललंय!"

परतीच्या दिवशी तळ्याकाठून निघताना आत्या पुढे बसल्या होत्या. मागून बाळचा आवाज आला, "भांडं आत!" आत्यांनी हात जोडले, "चला देवा" म्हणाल्या. वाटेत एका पेट्रोलपंपावर थांबले. घरी येऊन पडदा सारला, तर खणात एकटी बॉबिन.

बाळने कपाळावर हात मारून घेतला. "पंपावर दार उघडं ठेवलं होतं मी, वारा लागावा म्हणून. तिथेच उतरला असणार."

त्याच दुपारी दोघं परत पंपावर गेले. एक दिवस नाही, आठ दिवस गेले. शेजारणीचं अक्षर चांगलं, म्हणून 'कुत्रा हरवला आहे' अशा चाळीस चिठ्ठ्या तिने लिहून दिल्या. बाळने स्वतः खळ लावून त्या खांबाखांबांवर चिकटवल्या. रस्त्याच्या एका कडेने आत्या, दुसऱ्या कडेने बाळ. "ठिगळ! ए ठिगळ!" हाका मारून मारून बाळचा घसा बसला.

"असा भाऊ देव सगळ्यांना देवो," तेव्हा आत्या सगळ्या गल्लीला सांगत सुटल्या होत्या.

आणि आता गेल्या शनिवारी एक गिऱ्हाईक सीट उसवलेली घेऊन आलं. मशीनवरची पिवळ्या दोऱ्याची दुहेरी शिवण बघून म्हणालं, "अशीच शिवण मी तळ्यावर बघितली. राखणदाराच्या कुत्र्याच्या गळपट्ट्यावर. निळं रेक्झिन." ठिगळचा गळपट्टा आत्यांनी तसाच शिवला होता.

"पंपापासून साठ किलोमीटर चालत परत गेला असेल गं," आत्या चालता चालता म्हणाल्या. "जिथे आपल्याला शेवटचं पाहिलं तिथे. मुकं जनावर, पण अक्कल किती!"

दुकानाची एक पायरी चढायला ठिगळला मागून ढकलावं लागायचं, हे शेजारणीने रोज पाहिलेलं होतं. एकदा तिने आत्यांकडे पाहिलं. आत्यांनी नजर रस्त्यावरच ठेवली.

"बाळला सांगितलंत?"

"नाही. गुरुवारी येतोय ना मला न्यायला, तेव्हा दारात ठिगळला उभा करीन. बघू दे तोंड कसं होतं त्याचं!"

गुरुवारी आत्या दुकान कायमचं बंद करून बाळकडे राहायला जाणार होत्या. बाळ वर्षभर मागे लागला होता. दोन पेट्या भरून झाल्या होत्या. मशीन जुन्या चादरीत बांधून ठेवलं होतं.

मैदान आलं. राखणदार नळापाशी बादली भरत होता. त्याने आत्यांना पाहिलं आणि बादली तशीच सोडून पुढे आला.

"ताई ना तुम्ही? बरं वाटतंय का आता?"

"मला काय झालंय?"

"नाही, तुमचे भाऊ म्हणाले होते, तुमची तब्येत ठीक नसते. म्हणून कुत्र्याचं तुम्हाला झेपत नाही." तो गोंधळला. "तुम्हीच सांगितलंत ना इथे ठेवायला? निरोप घ्यायला जमणार नाही म्हणून तुम्ही पुढे बसून होतात. मी लांबून हात केला. तुम्हीही केलात की!"

केला होता. आत्यांना लख्ख आठवलं. नेहमीचा राखणदार हात करतोय, म्हणून त्यांनीही हसून हात हलवला होता. त्याच्या पायाशी काय होतं, ते दोघांमधल्या कुंपणामुळे दिसलं नव्हतं.

"सगळं दिलं हो त्यांनी," राखणदार सांगत राहिला. "गोधडी, औषध, खाण्याची पिशवी. फोन करून विचारतात अधूनमधून. परवाच फोन आला होता."

"परवा," आत्या म्हणाल्या.

शेजारणीने त्यांचा दंड धरला. तो लाकडासारखा झाला होता.

राखणदाराच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठिगळ पडला होता. अंगाने भरला होता. आत्यांनी खाली बसून बोटं त्याच्या नाकापाशी नेली. त्याने वास घेतला, थांबला, पुन्हा घेतला, आणि शेपूट जमिनीवर तीनदा आपटलं. बोटं चाटली. बॉबिनचा कान चाटला. मग उठला, हळूहळू चालत राखणदाराच्या बुटांपाशी गेला आणि त्यांवर हनुवटी टेकून झोपून गेला.

"बघा लबाड," आत्या म्हणाल्या. हसल्याही, पण डोळे पुसून.

गळपट्ट्याची शिवण एका जागी सुटली होती. त्यांनी पिशवीतून सुई-दोरा काढला, तिथेच बसून चार टाके घातले आणि दोरा दाताने तोडला.

"नेताय ना?" राखणदाराने विचारलं. त्याचा चेहरा पडला होता.

"नाही. इथे रमलाय तो. त्याला न विचारता उचलून न्यायचं, हे एकदा झालं तेवढं पुरे." आणि दारातून वळून म्हणाल्या, "पावसात गोधडी दुहेरी घाला. कंबर दुखते त्याची."

परतीच्या वाटेवर आत्या एक शब्द बोलल्या नाहीत. शेजारीण मनातल्या मनात देवाचं नाव घेत चालली. दुसरं काय करणार? तिसऱ्या किलोमीटरचा दगड आला तेव्हा आत्या सकाळसारख्याच त्याच्यावर बसल्या, पण चप्पल काढली नाही.

"आत्या, त्यांनी चांगल्या मनाने केलं असेल," शेजारीण चाचरत म्हणाली. "कुत्रा तर सुखात आहे."

"कुत्र्याचं बोलतंय कोण? कुत्र्याचं भलंच झालं. भांडला असता, ओरडला असता, 'ताई, मी ठेवून आलो, काय करायचं ते कर' म्हणाला असता, तर चार दिवस जेवले नसते नि पाचव्या दिवशी जेवले असते." त्यांचा आवाज चढला. "पण आठ दिवस हाका मारत होता गं तो! रस्त्याच्या त्या कडेने. कुत्रा इथे आहे हे ठाऊक असून. घसा बसला म्हणून मी रोज मिठाचं पाणी गरम करून दिलं गुळण्यांना. माझ्यासमोर उभा राहून गुळण्या केल्या त्याने."

शेजारणीने पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्यांच्यापुढे धरली.

"आणि शब्द तरी कुठला वापरला? भांडं आत. तेवढा एकच शब्द होता, ज्याला मान वळवून बघायची गरज नव्हती." आत्यांनी बॉबिनचा पट्टा हाताला गुंडाळला. "त्याच्या घरी मागच्या खोलीत जाऊन बसले, तर उद्या माझ्याबद्दल कुणाला काय सांगेल? ताईंनीच सांगितलं म्हणून. आणि मी आपली खिडकीतून हात हलवीन."

"मग गुरुवारी?"

"गुरुवारी मी मशीनवर असेन. त्या गिऱ्हाइकाची सीट अजून व्हायचीय." त्या उठल्या. थोडं चालल्यावर थांबल्या. "तोंडावर बोलायला जमायचं नाही मला. सात वर्षांचा दिसतो तो समोर आला की. म्हणून तुझ्याकडे एक मागणं आहे."

"सांगा ना."

"एक चिठ्ठी लिहून दे, दुकानाच्या दारावर लावायला. त्या चाळीस लिहिल्या होत्यास तसलाच कागद, तेच टपोरं अक्षर. बघताक्षणी ओळखलं पाहिजे त्याने. वर लिही, 'दुकान चालू आहे.' आणि खाली लिही, 'ठिगळ सापडला.'"