संगीत विभागाला वीस डोकी पाहिजेत

इतिहासाच्या सरांकडे सनावळ्या साठतात, भूगोलाच्या सरांकडे नकाशे. आमच्या संगीत विभागात काही साठवायला जागाच नाही. एक खोली, एक सतरंजी, एक टेबल आणि एक कपाट, त्याचंही दार लागत नाही. त्यामुळं आमच्याकडे नुसते किस्से साठतात. परभणी जिल्ह्यातल्या एका आर्ट्स कॉलेजात मी गायन शिकवतो, तासिका तत्त्वावर. तबल्याला सोळंके सर. विभाग म्हणजे आमी दोघंच. चहाला बसलो की एकानं किस्सा सुरू करायचा आणि दुसऱ्यानं "तसं न्हाई झालतं" म्हणून मोडता घालायचा. आज सोळंके सर गावाला गेलेत, तोवर सांगून घेतो.

गेल्या जूनमध्ये प्राचार्यांनी आम्हाला बोलावलं. माणूस वाईट नाही, पण वरून आलेला कागद त्यांच्या हातात होता. तिन्ही वर्षांची मिळून वीस पोरं दाखवा, एकोणीस झाली तरी विभागाला कुलूप, असं त्यांनी सांगितलं. जुनी पोरं होती तेरा. कुलूप लागलं तर मी काय करणार होतो? मला गाण्याशिवाय काही येत नाही, आणि गाणंही बेताचंच येतं. सोळंके सर मात्र बाहेर आल्यावर बोटं मोजत म्हणाले, "सात पाहिजेत. म्हणजे सात मात्रांचा रूपक ताल. जमतंय की!"

मग आमी कॉलेजच्या गेटात टेबल टाकून बसलो. शेजारी बाकीच्या विभागांची टेबलं. प्रत्येक जण येणाऱ्या पालकाला आपल्या विषयात नोकऱ्या कशा पडल्यात ते सांगत होता. जिंतूरकडचे एक शेतकरी पोराला घेऊन सगळी टेबलं फिरून शेवटी आमच्यापाशी आले. गाणं शिकून काय होते, असं त्यांनी विचारलं. मी घसा साफ करून व्यक्तिमत्त्व विकास वगैरे सुरू करणार, तेवढ्यात सोळंके सर बोलून गेले, "काही होत न्हाई."

मी कपाळाला हात लावला. त्या गृहस्थांनी मात्र शांतपणे खिशातून पेन काढलं.

"द्या फॉर्म. सकाळपासून खरं बोलणारा एकच माणूस भेटला."

आठवड्यानं आकाश नावाचा पोरगा आला, तीन दोस्त घेऊन. चौघांनी फॉर्म भरले. सोळंके सरांनी मला डोळा मारला. पहिल्या तासाला आकाश पेन ड्राइव्ह घेऊन हजर. मिक्सिंग कधी शिकवणार, म्हणून विचारायला लागला. आत्ता कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याच्या मामाचा डीजे होता, आणि संगीत म्हणजे तेच, अशी चौघांचीही समजूत! खरं सांगावं तर चार डोकी जाणार. मी आपलं पुढच्या सेमिस्टरला बघू म्हणालो. खोटं बोललो, आजही लाज वाटते.

पण पोरगा हुशार निघाला. त्रितालात समेचं, म्हणजे पहिल्या मात्रेचं, महत्त्व सांगता सांगता माझा घसा बसला, कुणाच्या डोक्यात शिरंना. तर आकाशच उठून दोस्तांना म्हणाला, "अरे, ड्रॉप रे, ड्रॉप!" म्हणजे डीजेचा ठोका दणकन पडतो ती जागा. सगळ्या वर्गाला एका मिनिटात सम कळली. लेखी परीक्षेत त्यानं व्याख्या लिहिली ती अशी, 'ज्या मात्रेवर पब्लिक उडी मारते तिला सम म्हणतात.' त्याला पाचपैकी चार मिळाले. एक मार्क कशाचा कापला ते अजून कुणाला कळलं नाही.

परीक्षेवरून आठवलं. हे त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातलं. बळीराम नावाचा आमचा विद्यार्थी पिंगळीचा, घरात पिढ्यानपिढ्या भजन. प्रॅक्टिकलला बाहेरगावचे परीक्षक आले होते. कडक इस्त्रीचा झब्बा, चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. बळीरामानं भूप चांगला मांडला, तिहाई घेऊन समेवर आला, आणि सवयीनं दोन्ही हात वर करून गावच्या महाराजांचा जयजयकार केला. दाराबाहेर नंबर लागायची वाट बघत बसलेल्या पोरांनीही "जय" म्हणून ठोकून दिलं. मला वाटलं, संपलं सगळं. बघतो तर परीक्षकांचे हात जोडलेले, डोळे मिटलेले. डोळे उघडल्यावर त्यांचं त्यांनाच कळंना की आता काय करावं. पुढचा राग विचारायचा सोडून त्यांनी विचारलं, "प्रसाद काय आहे?"

सोळंके सरांनी कॅन्टीनमधून पोहे मागवले. त्या वर्षी कुणीही नापास झालं नाही.

तर, तेरात पाच मिळवून अठरा झाले होते. एकोणिसावा भूगोलातून पळवून आणला. विसावी मिळाली वॉचमनकाकांची सून, तिला कॉलेजला यायचं होतं पण विषय सुचत नव्हता. बरोब्बर वीस! यादी द्यायच्या दिवशी मी निवांत चहा पीत बसलो होतो आणि दारात महालिंग आप्पा उभे राहिले.

आप्पा ताडकळसचे. कपाळाला भस्म, हातात अर्ज. शिवभजनाच्या मंडळात तीस वर्षं पुढं गाणारा माणूस. मागं त्यांची पोरगी शिवकन्या, आमची दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, रडून डोळे लाल झालेले. अर्ज होता विषय बदलून मिळण्याबाबत.

झालं होतं असं की सोमवारी देवळात भजन रंगात असताना शिवकन्यानं सगळ्या मंडळासमोर सांगितलं, आप्पा, तुमचा गंधार चढा लागतोय, म्हणजे 'ग' हवा त्याहून वर जातोय. तेव्हापासून झांजवाले प्रत्येक ओळीला आधी तिच्याकडं बघायलेत आणि गंधार आला की अख्खं मंडळ अडखळायलंय.

"तीस वर्षं कुणी बोट दाखिवलं न्हाई," आप्पा म्हणाले. "तुमी पोरीला बापाच्या सुरात खोट काढायला शिकिवलं."

"चढाच लागतोय," शिवकन्या खाली बघत म्हणाली.

सोळंके सरांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. आप्पांना बरोबर म्हणा आणि पोरगी वाचवा, एवढाच त्याचा अर्थ. पण ती पोरगी माझ्याकडं बघत होती. मी शिकवलेलं खरं धरून तिनं बापाशी वैर घेतलं होतं. वेळ काढायला म्हणून मी विभागाची पेटी पुढं ओढली आणि आप्पांना एकदा म्हणून दाखवायची विनंती केली.

आप्पांची पट्टी भजनातली, उंच, पोरींच्या पट्टीला भिडणारी. त्यांनी डोळे मिटून सूर लावला. आवाज असा की माझ्या अंगावर काटा आला. गंधार आला आणि आप्पांचा सूर एकीकडं, पेटीचा दुसरीकडं.

"बघा," शिवकन्या म्हणाली.

आप्पा चिडले नाहीत. त्यांनी पेटी आपल्याकडं वळवून घेतली. त्याच गंधाराची पट्टी दाबली, मग खालच्या सप्तकातला गंधार, मग वरचा. परत तेच, तीन वेळा.

"ह्यो एकटाच उतरलाय," ते म्हणाले.

मी मोबाईलवर तानपुरा लावून बघितलं. आप्पांचा गंधार बरोबर होता, पेटीचाच तेवढा एक सूर खाली उतरला होता. मी शिकवतो मुलांच्या पट्टीत, त्या सुरावर माझं बोट कधी पडतच नाही. पोरी मात्र दोन वर्षं ह्याच पेटीवर आपल्या पट्टीत रियाज करत होत्या. आणि त्यांचा उतरलेला गंधार रोज ऐकून माझ्याही कानाला तोच गोड लागायला लागला होता! सोळंके सरांनी माझ्या पायावरचा पाय काढून घेतला.

"शिवकन्या," मी म्हणालो, "आप्पा बरोबर आहेत. चूक माझी आहे."

आप्पांनी अर्जाची घडी करून खिशात घातली आणि स्क्रू ड्रायव्हर मागितला. मग ते सतरंजीवर बसले, पेटी उघडली आणि पितळेच्या पात्याला ब्लेड लावून घासत, वाजवून बघत राहिले. शिवकन्या भाता मारत होती. बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते, पण सूर दोघं मिळून ऐकत होते.

तेवढ्यात ऑफिसचा शिपाई यादी न्यायला आला. माझा धीर होईना. शेवटी सोळंके सरांनीच विचारलं, "आप्पा, वीस लिहू का एकोणीस?"

आप्पांनी वर न बघता विचारलं, "पेटीचं बघणारं कुणीच न्हाई का तुमच्याकडं?"

"न्हाई."

"मंग एकवीस लिहा," आप्पा म्हणाले. "बारावी पास हाय मी."