वाघोलीचे पेपर नारायण पेठेत

भूमितीच्या गठ्ठ्याची सुतळी सोडली आणि स्टाफरूम टेबलाभोवती गोळा झाली. सगळ्यात वरच्या पेपरवर लाल शाईत चाळीसपैकी नऊ मार्क होते. शेजारी शेरा होता : "आकृती काढली आहे की सांडली आहे?"

पेपर सानिकाचा होता. ती वर्गात पहिली येणारी मुलगी नव्हती, पण भूमितीत नऊ मिळवणारीही नव्हती. मी पुढचे पेपर उलटले. अकरा, सात, चौदा. चौदावाल्याला "बरे" असा शेरा होता.

मी वाघोलीतल्या त्या शाळेत भूगोल शिकवायचे आणि परीक्षा विभाग सांभाळायचे. परीक्षा विभाग सांभाळणं म्हणजे वेळापत्रक लावायचं, कोण कुठे बसणार ते ठरवायचं आणि काही बिघडलं की "शेख मॅडमना विचारा" या वाक्यातल्या शेख मॅडम व्हायचं. माहेर-सासर दोन्ही भवानी पेठेत, त्यामुळे रोज बसने नगर रोड तुडवत यायचे. बसमध्ये बसायला जागा मिळाली तर वेळापत्रकं तिथेच व्हायची.

प्रिलिम म्हणजे दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेची शाळेत घेतलेली रंगीत तालीम. वेळ तेवढाच, मार्क तेवढेच, फक्त निकालाने काही होत नाही. निदान होऊ नये अशी अपेक्षा असते. मुलं दिवाळीपासून तयारीला लागलेली होती. प्रत्येक विषयाचे शिक्षक त्यांना सांगायचे की रोज दोन तास फक्त माझ्या विषयाला द्या. शाळा धरून सगळ्यांच्या तासांची बेरीज केली तर एक दिवस पुरत नव्हता, दुसऱ्या दिवसाकडून उसने घ्यावे लागले असते. झोपेचा विषय कुणाकडेच नसल्यामुळे तिला कुणी वेळ दिला नव्हता.

आमचे पेपर तपासायला नारायण पेठेतल्या एका जुन्या शाळेत गेले होते आणि त्यांचे आमच्याकडे आले होते. ही कल्पना आमच्या अध्यक्षांची, म्हणजे अण्णांची. अण्णांची जमीन रस्त्याकडेला होती. तिथे आधी ऊस होता, मग इमारती आल्या, मग शाळा. एका लग्नात त्यांच्या पंगतीला पेठेतल्या शाळेचे विश्वस्त बसले होते. जिलेबी वाढून होईपर्यंत दोघांचं ठरलं : प्रश्नपत्रिका एकच, परीक्षा एकाच दिवशी, तपासणी एकमेकांची. अण्णांचं म्हणणं होतं की आपले मास्तर आपल्या पोरांना मार्क वाटतात.

"बाहेरचा माणूस तपासील तवा खरं कळंल," ते मला म्हणाले. "आन् जी पोरं दोन विषयांत उडतील त्यांच्या आईबापाला बोलवा. यंदा नको, पुढच्या साली बसवा म्हणावं. आपला निकाल शंभर टक्के लागला पायजे."

मी सांगितलं की फॉर्म भरलेल्या मुलाला शाळेला असं अडवता येत नाही.

"आपल्याला अडवता येत न्हाई, म्हाईत हाय मला," अण्णा म्हणाले. "आपण कशाला अडवायचं? नुसतं सांगायचं. बाप आपसूक अडवतो."

आमचे मराठीचे जगताप सर त्या नऊ मार्कांकडे बराच वेळ बघत होते. त्यांचा भूमितीशी संबंध नव्हता. पण दोन दिवसांनी मराठीचे पेपर परत आले आणि संबंध आला. आमची मुलं घरी 'पानी' म्हणतात, म्हणून कधी कधी तसंच लिहितात. पेठेतल्या बाईंनी प्रत्येक 'न'ला गोल केला होता. एका पेपरवर इतके गोल होते की लांबून भूमितीचा वाटावा. खाली लिहिलं होतं : "मराठी ही पहिली भाषा आहे ना?"

जगताप सरांनी काही आदळआपट केली नाही. त्यांनी फक्त पेठेतल्या मुलांचा मराठीचा गठ्ठा पुढे ओढला आणि लाल पेनात नवी रिफिल घातली. संध्याकाळी मी त्यांनी तपासलेला एक निबंध पाहिला. अक्षर मोत्यासारखं, शुद्धलेखनाची एक चूक नाही. शेरा होता : "ण बरोबर आहे. विचार कुठे आहे?" मार्क दहापैकी दोन.

मी म्हटलं, सर, हा निबंध चांगला आहे. ते म्हणाले, चांगला आहे, पण पुस्तकी आहे.

तिथून पुढे प्रत्येक विषय आधीच्या विषयाचं उत्तर देऊ लागला. इतिहासात तीन कारणं विचारली होती. आमच्या एका मुलाने चार लिहिली, तर पेठेने 'अनावश्यक माहिती' म्हणून मार्क कापला. मग आमच्याकडे त्यांच्या मुलाने तीनच लिहिली, तर 'त्रोटक' म्हणून कापला. विज्ञानात त्यांनी आमच्या आकृतीतल्या बाणाला टोक नाही म्हणून अर्धा घेतला. आम्ही त्यांच्या बाणाचं टोक जाड म्हणून अर्धा घेतला. भूगोल सगळ्यात शेवटी होता, त्यामुळे मी सभ्य राहिले. आधी असता तर काय केलं असतं, ते सांगता येत नाही.

निकाल लावला तेव्हा आमचा निम्म्याहून जास्त वर्ग दोन-दोन विषयांत नापास होता. अण्णांच्या सांगण्याप्रमाणे हेडसरांनी पालकांना बोलावलं. सानिकाचे वडील आले. त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. त्यांनी वाद घातला नाही, मार्क बघितले आणि म्हणाले, तुम्ही म्हणता तर यंदा राहू द्या, एक वर्ष घरी बसून करील तयारी. सानिका बाजूला उभी होती. ती म्हणाली, "मॅडम, मला वाटायचं मला भूमिती येते." रडली वगैरे नाही. एखादी वस्तू आपली नव्हती हे कळल्यावर माणूस जसं बोलतो, तशी बोलली. मी वडिलांना इतकंच सांगितलं की दुसरी प्रिलिम अजून व्हायची आहे, तोवर ठरवू नका.

त्या दिवशी मात्र बस पकडून घरी न जाता मी नारायण पेठेत गेले.

तिथल्या परीक्षा विभागाच्या केतकर बाई माझ्याच वयाच्या होत्या. "आपण फोन करून आलात," त्या म्हणाल्या, "त्यामुळे मी बाहेर गेले आहे असं सांगता आलं नाही. बसा."

मी सानिकाचा पेपर पुढे ठेवला आणि विचारलं की यात नऊ मार्कांचं काय आहे. त्यांनी चष्मा लावून सगळा पेपर वाचला. मग म्हणाल्या की हे आमच्या देवधर सरांनी तपासलंय, आणि यात रागावण्यासारखं काही नाही. देवधर सर सगळ्यांनाच असं तपासतात. 'पक्ष', 'साध्य', 'सिद्धता' या शब्दांखाली पट्टीने रेघ नसली तर ते पुढचं वाचतच नाहीत. स्वतःच्या मुलाला त्यांनी सहामाहीत आठ दिले होते.

"आमच्याकडे त्यांच्या हातून नऊ मिळाले तर मुलं पेढे वाटतात," त्या म्हणाल्या. "आणि मराठीचं म्हणाल तर आमच्या बाई दुकानाच्या बिलावरसुद्धा गोल करतात."

म्हणजे युद्ध आमच्याच बाजूने सुरू झालं होतं. समोरचा नेहमीसारखा वागत होता आणि आम्ही त्याला हल्ला समजलो होतो. मी हे बोलून दाखवायच्या आत केतकर बाईंनी कपाटातून त्यांच्या शाळेतल्या एका मुलीचा निबंध काढला. तोच, दोन मार्कांचा.

"ही मुलगी पहिल्यांदाच नापास झाली," त्या म्हणाल्या. "आता ती निबंध पाठ करते आहे. विचार कुठे मिळतात, असं मला विचारून गेली. मी काय सांगू? वाघोलीला मिळतात म्हणून?"

मला हसू आलं, त्यांना आलं नाही. आम्ही दोघी तिथेच बसून दोन्हीकडचे पेपर चाळत राहिलो. मुलांनी काय लिहिलंय ते जवळपास कुणी वाचलंच नव्हतं. शिक्षकांनी शिक्षकांचे पेपर तपासले होते.

दुसऱ्या प्रिलिमला काय करायचं ते आमचं तिथेच ठरलं. बोर्डात तपासणाऱ्याला पेपर कुणाचा ते कळत नाही. आपणही तसंच करायचं. वरचं पान दुमडून स्टेपल करायचं, त्यावर नुसता एक आकडा टाकायचा, दोन्ही शाळांचे पेपर एकत्र पिसायचे आणि सगळ्या शिक्षकांना एका जागी बसवून तपासून घ्यायचे. उत्तरपत्रिका दोन्ही शाळा एकाच ठोक दुकानातून घेत होत्या, त्यामुळे आतली पानं सारखीच होती.

अण्णांना पटवायला मला वेळ लागेल असं वाटलं होतं. मी त्यांना नापासांची नावं वाचून दाखवली. त्यात त्यांच्या पुतण्याची मुलगी होती.

"ती कशात उडली?"

"मराठीत, अण्णा."

"मराठीत?" ते म्हणाले. "आमी घरी तेच तर बोलतो."

मग त्यांनी जागा दिली. जागा म्हणजे त्यांचं मंगल कार्यालय. मुहूर्त नव्हते, हॉल रिकामा होता. पेठेतले शिक्षक बसने आले, डबे आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन, वाघोलीत काही मिळत नसावं अशा तयारीने. जेवणाच्या टेबलांवर पांढरे कागद अंथरून तपासणी सुरू झाली. मागच्या लग्नातली थर्माकोलची अक्षरं स्टेजवर तशीच होती, त्यामुळे देवधर सर आणि जगताप सर नवरानवरीच्या नावाखाली शेजारी शेजारी बसले.

सुरुवातीला सगळे पेपर तपासत नव्हते, पेपर ओळखत होते. उजेडाकडे धरून शाई बघायची, अक्षराचं वळण बघायचं, शेजारच्याला विचारायचं की हा तुमचा असेल का. कळेना म्हटल्यावर हात आखडले. अर्धा मार्क कापायला पेन जायचं आणि थांबायचं, कारण मूल आपलं निघालं तर? जे कापायचे ते पुन्हा वाचून कापू लागले. दुपारपर्यंत हॉलमध्ये नाइलाजाने न्याय सुरू झाला.

जगताप सरांना एक निबंध सापडला. त्यात 'आनी' होतं, 'पानी' होतं, आणि आजोबांच्या सायकलवरून केलेल्या प्रवासाचं फार जिवंत वर्णन होतं. सरांनी दहापैकी आठ दिले आणि देवधर सरांना ऐकू जाईल असं म्हणाले की शुद्धलेखन शिकवता येतं, हे शिकवता येत नाही. देवधर सरांनी मान वर केली नाही. ते एका प्रमेयाच्या खाली, पट्टी लावून, चारपैकी साडेतीन लिहीत होते. मी त्यांच्या हातून इतके मार्क जाताना पाहिले म्हणून विचारलं, तर म्हणाले, "रेघा आहेत. वळण आमचंच दिसतंय."

संध्याकाळी स्टेपल उघडले. सायकलवाला निबंध नारायण पेठेतल्या मुलाचा होता. देवधर सरांच्या साडेतीनवाला पेपर आमच्या शाळेचा निघाला. सानिकाचा नव्हे, तिच्या मागच्या बाकावरच्या एका मुलाचा. जगताप सर म्हणाले, आठ जरा जास्तच झाले. केतकर बाईंनी त्यांच्या हातातून पेपर काढून घेतला आणि सांगितलं की दिलेले मार्क परत घ्यायची पद्धत नारायण पेठेत नाही.

सानिकाला भूमितीत सव्वीस मिळाले. पेपर सव्वीसचाच होता, मी वाचला. वडिलांना निरोप दिला तर ते शाळेत येऊन विचारू लागले की मग पहिला पेपर चुकीचा तपासला होता का. मी म्हटलं, "चुकीचा नव्हता. फक्त तपासलं ते तुमच्या मुलीचं नव्हतं." त्यांना ते कळलं नाही आणि मी समजावलंही नाही. बोर्डाला बसवतो म्हणाले, मला तेवढंच हवं होतं. कुणालाच थांबवायचं नाही, असं हेडसरांनी मग तोंडी सांगून टाकलं.

बोर्डात सानिकाला फर्स्ट क्लास मिळाला. भूमितीत तिला प्रिलिमपेक्षा थोडे जास्तच पडले. पेठेतल्या मुलीचाही निबंध चांगला गेला असावा, कारण केतकर बाईंनी फोन करून मला फक्त "विचार सापडले" एवढं सांगितलं. आमचा निकाल शंभर टक्के लागला नाही. दोन मुलं राहिली. ती जुलैच्या फेरपरीक्षेत सुटली, पण त्या परीक्षेचा निकाल कुणी विचारायला आलं नाही. अण्णांनी चौकात मोठा फ्लेक्स लावला. त्यावर त्यांचा फोटो होता, पेठेतल्या विश्वस्तांचा फोटो होता आणि 'दोन शाळा, एक संकल्प' असं लिहिलं होतं. 'संकल्प'मधला 'ल्प' चुकला होता. जगताप सरांनी तो रिक्षातून जाताना पाहिला आणि खिशातलं लाल पेन चाचपलं.

पुढच्या वर्षी मी पेपर पिसून तपासायचा प्रस्ताव पुन्हा ठेवला. दोन्ही शाळांच्या शिक्षकांची एकत्र बैठक झाली आणि त्यांचं पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीवर एकमत झालं. त्यांनी प्रस्ताव नामंजूर केला. कारण विचारलं तर देवधर सर म्हणाले, आणि जगताप सरांनी मान हलवून दुजोरा दिला, की मूल कुणाचं ते कळत नसेल तर तपासायचं कसं?

तेव्हापासून प्रिलिमच्या आधी मी मुलांना तयारीबद्दल फार सांगत नाही. ते सांगायला बाकीचे विषय आहेत. मी एवढंच सांगते, की अक्षर सुवाच्य काढा, पण इतकं साधं काढा, की कुठल्या शाळेचं आहे ते ओळखू येऊ नये.